आत्याच्या गुडघ्याची मोटार

मोटारींचे आकार ठरवण्यात माझं आयुष्य गेलं. पुण्याकडच्या एका कारखान्यात, नक्शे काढायच्या खोलीत, मी केस पांढरे होईपर्यंत काम केलं. लग्नाकार्यात कुणी ओळख करून दिली की समोरचा हमखास म्हणतो, "वा, म्हणजे मोटारी देखण्या करायचं काम!" माझं डोकं तिथेच फिरतं. देखणेपण जेवणानंतरच्या विड्यासारखं असतं. आधी पंगतीला बसणार कोण, त्याला खाली बसता येतं का, हे बघावं लागतं. हे शहाणपण मला कुठल्या कॉलेजात मिळालं नाही. ते देऊळगाव राजाला माझ्या सख्ख्या आत्याने दिलं, आणि चारचौघांत दिलं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. मी चित्रकलेच्या परीक्षा देऊन देऊळगाव राजाच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो होतो आणि आत्याकडेच राहत होतो. आत्या आमच्या वरवट बकालची, म्हणजे बुलडाणा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. तिचे यजमान, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, चांगले शंभर एकरांचे धनी होते. घरात कशाला म्हणून कमी नव्हतं, फक्त आत्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता. पाच वर्षांपूर्वी ती माळवदाच्या जिन्यावरून पडली, हाड सांधलं, पण पाय काठीसारखा सरळ राहिला तो राहिलाच. घरात ती भिंतीला हात लावून सगळीकडे फिरायची, स्वयंपाक करायची, गड्यांना रागवायची. पण पाच वर्षांत एकदाही आखाजीला माहेरी गेली नव्हती.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या वरच्या भागात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या खातात आणि सासरच्या लोकांची मनसोक्त उणीदुणी काढतात. पहिल्या वर्षी आत्या एस.टी.ने निघाली होती. स्टँडवर बसची पायरी तिच्या कमरेएवढी. कंडक्टर आणि तीन अनोळखी माणसांनी तिला काखेत हात घालून वर उचललं, मागच्या कुणीतरी "सांभाळा, सांभाळा" म्हणून आरोळी दिली आणि फलाटावरचे लोक बघायला उभे राहिले. आत्या तशीच खाली उतरवायला लावून घरी परत आली. त्या दिवशी तिने सांगून टाकलं की पोत्यासारखं कुणी चढवणार असेल तर मी जाणार नाही. माझी मी चढले तर जाईन. बैलांच्या दमणीतही तेच, तीही उंच. त्यामुळे आखाजी आली की आत्या दोन दिवस कुणाशी बोलायची नाही, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांशी भांडायची.

मामाजींना हे बघवत नव्हतं. त्यांनी जालन्याच्या लिलावातून लढाईच्या काळातली एक मोटार आणली. म्हणजे खरं तर मोटार नव्हतीच. इंजीन धड होतं, चाकं आणि खालचा लोखंडी सांगाडा धड होता, वरचं सगळं गंजून गेलेलं. वरचं घर नव्याने बांधायचं होतं. त्या काळी हे काम सुतार करायचे. सागवानी चौकट उभी करायची आणि वरून पत्रा ठोकायचा. गावात एक मुसलमान मिस्त्री होते, साठीचे, बारीक अंगाचे. आयुष्यभर दमण्या आणि छकडे बनवलेले, मधली काही वर्षं जालन्याला लॉऱ्यांची लाकडी घरं बांधलेली. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी सांगाड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि नक्शा मागितला. मामाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मला आभाळ ठेंगणं झालं. रद्दीच्या दुकानातून आणलेल्या इंग्रजी मासिकांतली मोटारींची चित्रं मी वर्षानुवर्षं कापून वहीत चिकटवत आलो होतो. शाळेत वर्गाला कमळ काढायला सांगून मी स्वतः वहीच्या मागच्या पानावर मोटारी काढत असे. आता साक्षात एक मोटार माझ्या हातून होणार होती. मी वीस दिवस खपलो. कपाळापासून मागे निमुळतं होत गेलेलं छप्पर, बसकी ठेवण, शेपटाला दोन्ही बाजूंनी उभी पाती, आणि रंग पोपटी. चित्र पुरं झालं तेव्हा मीच त्याच्यासमोर पाऊण तास बसून राहिलो.

आत्याला दाखवलं. तिने चित्र हातभर लांब धरून नीट पाहिलं. झकास आहे म्हणाली. मग विचारलं, यात मी कुठं आहे? मी तिला समजावलं की मोटारीच्या चित्रात माणसं काढत नसतात, आकार झाकला जातो. ती म्हणाली, बरं. पण तिच्या 'बरं'मध्ये नेहमी अर्धा डाव बाकी असतो, म्हणून मी खिडकीत एक माणूस काढून दिला. मासिकात होता तसाच, टोपीवाला साहेब. आत्या इतकी हसली की तिला खांब धरावा लागला.

चाचांची पद्धत वेगळी होती. त्यांनी माझं चित्र दुकानाच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूने पूर्ण मापाचं उतरवलं, मोटारीएवढंच. मग त्यावर विटा रचल्या, फळ्या टाकल्या, चार बांबू रोवून सुतळीने छप्पर ताणलं आणि मला म्हणाले, बसा. पुढे कारखान्यात आम्ही हेच करायचो, फक्त विटांच्या जागी महागडं सामान असायचं. मी बसलो, डोकं सुतळीला लागलं. छप्पर चार बोटं वर गेलं. मला वाईट वाटलं, पण चार बोटांवर निभावलं.

मग चाचांनी आत्याचं माप विचारलं.

आता इथे मी काय केलं ते ऐका. आमच्याकडे शिंपीसुद्धा बाईच्या अंगाला टेप लावत नसे. जुनी चोळी पाठवायची, तिच्यावरून नवी शिवून यायची. पण मोटारीसाठी जुनं काय पाठवणार? आणि मोठ्या घरच्या बाईला, तुमचा पाय किती लांब, असं मी भाच्याने तरी कसं विचारायचं? माझे कान तापले. मी चाचांना म्हणालो, "मामाजींचं घ्या. दोघं उंचीला सारखीच आहेत." हे अगदी खरं होतं. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण मी मास्तर, मी नक्शा काढणारा. त्यांनी मामाजींना बोलावणं पाठवलं. मामाजी विटांवर ऐटीत बसले, वा म्हणाले, आणि त्यांच्या मापाने सागवान कापलं गेलं.

पाडव्याला मोटार दारात आली. आखाजीला महिना उरला होता. अजून पत्रा चढला नव्हता, नुसती लाकडी चौकट आणि बैठका. चाचांनीच तसा हट्ट धरला होता, पत्रा चढल्यावर लाकूड कुणाचं ऐकत नाही म्हणून. गल्ली जमली. आत्या नवं लुगडं नेसून, चौकट धरून उभी राहिली. डावा पाय वर टाकायला गेली तर सगळा भार सरळ पायावर येऊन ती डगमगली. मामाजी उचलायला पुढे झाले. तिने फक्त पाहिलं, ते मागे सरले. मग ती दाराच्या काठावर पाठमोरी टेकली. टेकता आलं. पण पाय आत येईना. पुढे मामाजींसाठी केलेली बैठक आडवी आलेली, आणि दार दोन फुटांचं. दोन फुटांच्या दारातून तीन फुटांचा सरळ पाय आत जात नाही, हे कळायला चित्रकलेच्या परीक्षा द्याव्या लागत नाहीत.

आत्या तशीच, पाय बाहेर ठेवून बसून राहिली. मग तिने मला विचारलं, "माप कोनाचं घेतलं बे?"

मी सांगितलं.

"त्यायचा गुडघा वाकते. माहा वाकत नाही. मले काऊन नाही इचारलं?"

मी खाली मान घालून म्हणालो, लाज वाटली.

"लाज तुले वाटली, अन् घरी बसू मी?"

एवढं बोलून ती भिंतीच्या आधाराने आत निघून गेली. मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी बोल लावले, साहेबांनी लावले, पण या वाक्याइतका एकही लागला नाही. मी पाडव्याचं जेवण जेवलो नाही. श्रीखंड होतं तरी.

दुपारी आत्यानेच चाचांना बोलावणं पाठवलं. चाचा बाहेर ओसरीवर बसले, आत्या माजघरात दाराआड, मध्ये भिंत. आत्याने जुन्या लुगड्याचा काठ टरकन फाडून लांबलचक पट्टी काढली. चाचा बाहेरून विचारायचे, टाचेपासून कमरेपर्यंत? आत्या पट्टी लावायची आणि म्हणायची, बांधली गाठ. कमरेपासून डोक्यावरच्या पदरापर्यंत? बांधली. मला वाटलं झालं. पण चाचांचे खरे प्रश्न पुढेच होते. बसताना आधी कोणता हात टेकता? वळता कोणत्या अंगाने? पाय खाली लोंबला तर किती वेळाने ठणकतो? पदर कुठे अडकतो? यातला एकही प्रश्न मला वीस दिवसांत सुचला नव्हता. आत्याही हुशार. ती म्हणाली, थांबा, चढायचं किती तेही सांगते. तिने भिंतीशी जेवायचे पाट रचले. एका पाटावर चढली, सहज. दोनावर चढली, जरा दम लागला. तिसऱ्यावर घाम फुटला. "दोन पाट," तिने आतून सांगितलं. त्यानंतर चाचांच्या दुकानात पायरीची उंची इंचात कुणी बोललंच नाही, दोन पाटच म्हणायचे.

सात गाठींची ती पट्टी घेऊन चाचा गेले आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. जमिनीवरचा माझा खडूचा नक्शा त्यांनी पुसला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. सगळे लोक मोटारीत आधी पाय टाकतात आणि मग बसतात. या बाई आधी बसतील आणि मग पाय घेतील. म्हणून त्यांची बैठक दाराच्या काठाशी यायला हवी, घराच्या ओट्याच्या उंचीवर. दार साडेतीन फुटांचं. पुढची मामाजींची बैठक काढून टाकायची, म्हणजे सरळ पाय तिथे पसरेल. दाराला उंची हवी म्हणून छप्पर वर. बैठका मागे सरकणार म्हणून शेपूट नाही.

शेपूट नाही! मी भडकलो. ही मोटार आहे की माजघर, असं मी चाचांना त्यांच्याच दुकानात म्हणालो, माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला. चाचा रंधा मारत होते, तो त्यांनी बाजूला ठेवला. "मास्तर, मोटर पाह्यनारे तं रस्त्यावर उभे राह्यतीन. आत बसनारी एकच हाये. तुमी कोनासाठी काढून राह्यले?"

मी पाय आपटत घरी आलो आणि तीन दिवस दुकानाकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. शाळेतली फळ्यावर रेघा मारायची लांब पट्टी आणली, उजव्या पायाला कापडाने करकचून बांधली आणि म्हटलं बघू तरी. जेवायला बसायला गेलो. खाली टेकेपर्यंत हात भाजीत गेला, ताट उडालं, वरण धोतरावर आलं आणि मी आडवा झालो. आत्या चुलीपुढच्या आपल्या उंच स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "आता कसं," ती म्हणाली. "आता काढ." मी उठायचा प्रयत्न केला, तेही जमेना. ती पाच वर्षं दिवसातून पन्नास वेळा हे करत होती, आणि मी तिच्याच हातचं जेवत होतो. मला फार शरमल्यासारखं झालं, आणि विचित्र गोष्ट, त्याच वेळी फार हुरूपही आला.

त्या संध्याकाळी मी कोरा कागद घेतला आणि मोटारीऐवजी आधी आत्या काढली. बसलेली, एक पाय सरळ, डोक्यावर पदर. मग तिच्याभोवती बैठक काढली, बैठकीभोवती दार, दारावर छप्पर, आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली तिथे, मोटार. चाचांनी तो कागद पाहिला आणि फळीवर खिळ्याने ठोकला. एवढं रुंद दार चौकटीला पेलवेल का, ही एकच काळजी होती, तर त्यांनी खालून लोखंडी पट्टी घातली. धरायला एक मूठ बसवली, ती आत्याच्या डाव्या हाताशी येईल अशी. बैठकीचा काठ गोल केला आणि वर कातडं ताणलं, म्हणजे लुगडं अडकू नये.

मामाजींना आपली बैठक गेल्याचं कळलं तेव्हा थोडी गरमागरमी झाली. मालक ड्रायव्हरच्या शेजारी बसतो, हे त्यांना जगाच्या सुरुवातीपासून ठरलेलं वाटत होतं. "मी मांगं बसू?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "तं मंग टपावर बसा." मामाजी मागे बसायला कबूल झाले.

पत्रा चढला, रंग लागला. पोपटी नव्हे, तपकिरी, कारण तोच मिळाला. बुलडाण्याला नेऊन मोटार पास करून आणली. खरं सांगायचं तर ती उभट, चौकोनी आणि थेट कपाटासारखी दिसत होती. गावाने दुसऱ्या दिवशीच तिचं नाव ठेवलं, मास्तरांचं कपाट. वर्गातली पोरं फळ्यावर कपाट काढून त्याला चार चाकं लावायची. मी छडी उगारायचो, पण मारावीशी वाटली नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी उजाडताच निघायचं ठरलं. गल्ली पुन्हा जमली. चाचाही आले होते, पण लांब, निंबाखाली उभे. दार उघडलं. आत्याने गावच्या बालाजीच्या देवळाच्या दिशेने हात जोडले, पायरीवर डावा पाय ठेवला, डाव्या हाताने मूठ धरली आणि पाठमोरी होऊन बैठकीवर टेकली. मग दोन्ही हात खाली रोवून हळूच वळली. सरळ पाय दारातून, कशाला न लागता, आत आला. तिने लुगडं सारखं केलं आणि हात लांब करून स्वतः दार ओढलं. दार लागलं. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत, आमच्याकडे तशी रीत नव्हती. चाचांनी खिशातला रुमाल काढून नाक पुसलं. मी रडलो, हे कबूल करायला आता हरकत नाही.

चिखली, खामगाव करत आम्ही चाललो. ऊन तापत गेलं. मागे मामाजी आणि मी दाटीने बसलो होतो, आमचे गुडघे हनुवटीला लागत होते, आणि पुढे ड्रायव्हरच्या बाजूला आत्या पाय पसरून, गादीवर बसावं तशी बसली होती. रस्त्यात ती सगळं मोठ्याने सांगत होती. हा पूल नवा झाला, ती आमराई कुणी तोडली, अन् इथे तर पहिले विहीर होती. मामाजी हळूच माझ्या कानात म्हणाले, पाच वर्षांचं एका दिवसात बोलून राह्यली. पूर्णा नदी ओलांडली तशी ती पुढे झुकून गावची शीव शोधू लागली.

वरवट बकालला आमच्या दारासमोर मोटार थांबली तेव्हा माझे वडील, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, दोन गड्यांना घेऊन धावत आले. गड्यांच्या खांद्यावर बाज होती. आत्याने दार उघडून बाजेकडे पाहिलं आणि विचारलं, घरात कोणी बिमार आहे का? बाज उचलून परत गेली. मग ती वळली, पाय बाहेर आला, हात मुठीवर गेला आणि ती उतरली. उतरून मोटारीला टेकून क्षणभर उभी राहिली, आणि मग आपल्या पायांनी दारापर्यंत चालत गेली.

आखाजीला लेक एकटी येत नाही. तिला आणायला माहेरचा मुराळी जातो, आणि उंबऱ्यात पाय धुताना शेजारच्या बाया पहिली विचारपूस त्याचीच करतात. वडील पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. मुराळी मीच होतो, आत्याला घेऊन ये असं वडिलांचं पत्र माझ्याच नावाने आलं होतं, म्हणून मी जरा पुढे सरकून सदरा ठीक केला. एका म्हातारीने विचारलं, "कोन घेऊन आलं व बाई तुले?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मोटारीकडेही पाहिलं नाही.

"कोनी नाही," ती म्हणाली. "माही मी आली."

वडिलांच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी त्यांच्याच पायांवर सांडलं. त्यांनी डोळे पुसले, मग माझ्याकडे वळून विचारलं, "मंग तू कायले आला बे?"

"मी मांगं बसून आलो," मी म्हणालो.